बेळगाव परिसरातले पक्षी: नुसत्या बसलेल्या पक्ष्यापलीकडचा फोटो वर्षभर कसा मिळवायचा

प्रश्न असा आहे: खानापूर ते अथणी या पट्ट्यात फिरणाऱ्याने क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स एवढ्या सामानावर पक्ष्यांचे वागणे टिपायचे तर वर्षभरात कधी, कुठे जावे? फोटो स्वच्छ येतात, पण प्रत्येकात पक्षी नुसता फांदीवर बसलेला. लेन्स बदलावी का, असेही विचारले आहे.

लेन्सचे शेवटी पाहू. बसलेला पक्षीच मिळत राहतो, कारण आपण पक्षी दिसला की कॅमेरा उचलतो. घास भरवणे, भांडण, झेप, आंघोळ या सगळ्या गोष्टी एक-दोन सेकंदांत उरकतात, आणि डोळ्यांनी पाहून बटण दाबेपर्यंत त्या संपलेल्या असतात. पक्षी आता काय करणार हे आधी ओळखता आले, तरच तो क्षण सापडतो. ही ओळख ऋतू, वारा आणि पक्ष्याच्या अंगाची ठेवण यांतून येते. आपल्या जिल्ह्यात ऋतूही सगळीकडे एकाच दिवशी येत नाही. कणकुंबी-जांबोटीकडे ओढे भरून वाहतात तेव्हा अथणी-कागवाडकडचा माळ अजून तापलेला असतो. म्हणून पुस्तकात छापलेला महिना धरून निघू नका. त्या शिवारात पाऊस कधी झाला, पेरणी कुठवर आली, कोणते झाड फुलले हे विचारून निघा.

वारा आणि ऊन एकाच बाजूला

पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. बदक, हंस, करकोचा, बगळा यांसारख्या जड पक्ष्यांना तर दुसरा मार्गच सोयीचा नसतो. त्यामुळे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून उठतो. ऊनही पाठीवर असेल तर त्याच्या डोळ्यात चमक येते आणि पंखांच्या खालच्या बाजूलाही उजेड पोचतो.

बेळगावात हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून येतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाण्याच्या पूर्व काठावर बसले की ऊन आणि वारा दोन्ही मागून मिळतात. पहाटे हवा थांबलेली असते, आठ-साडेआठनंतर झुळूक सुरू होते, आणि त्या दिवसांत साडेनऊपर्यंत उजेड मऊ असतो. हा तास-दीड तास उड्डाणाच्या फोटोंसाठी सोन्यासारखा. मार्चपासून गणित उलटते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, म्हणून उन्हाळ्यात उड्डाणासाठी संध्याकाळ आणि पश्चिम काठ धरावा. उन्हाळ्याच्या सकाळी पूर्व काठावर बसून पक्ष्यांच्या पाठीच मिळाल्या, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी वारा पाहावा. मूठभर कोरडी माती किंवा गवताची काडी हवेत सोडली तरी दिशा कळते.

उठण्याआधी पक्षी सांगतोच. हंस आणि बदके माना सरळ करतात, आवाज वाढवतात, डोकी झटकतात आणि सगळी तोंडे एका दिशेला वळतात. घार, ससाणा किंवा गरुड बसलेला असेल तर तो पुढे झुकतो, शेपूट उचलून विष्ठा टाकतो आणि पुढच्या काही क्षणांत उडतो. शेपूट उचलली की झूम थोडी मागे घ्या. ६०० वर फ्रेम भरून बसलेल्या पक्ष्याचे पंख उघडल्यावर कापले जातात, आणि ही सर्वांत नेहमीची चूक आहे. पंखांसाठी ४०० च्या आसपास थांबावे.

पावसाळा: सुगरण आणि तिबोटी खंड्या

पावसात कॅमेरा कपाटात ठेवणारे वर्षाचा सर्वांत भरलेला काळ घालवतात. धूळवाफ पेरणी उगवून आली, चिखलणी सुरू झाली की बेळगाव, येळ्ळूर, उचगावच्या शिवारात पॉवर टिलरच्या मागे गायबगळे लागतात. त्यांच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढलेला असतो. वंचकाची एरवी मातकट दिसणारी पाठ या दिवसांत तपकिरी-जांभळी होते. बगळ्याचा पांढरा रंग चिखलाच्या गडद पार्श्वभूमीवर फोटोत हमखास जास्त उजळून कोरा होतो, कारण कॅमेरा चिखल उजळ करायला जातो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवा आणि पांढऱ्यात पिसांच्या रेषा दिसतात का ते पडद्यावर पाहा. याउलट भरलेल्या आभाळासमोर कोतवाल किंवा घार असेल तर अधिक एक ते अधिक पावणेदोन लागते. नाहीतर काळी आकृतीच उरते.

सुगरण हा शिकण्यासाठी उत्तम पक्षी, कारण काम एका जागी आणि कित्येक दिवस चालते. विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेली बाभूळ, शिंदी, नारळ शोधा. घरटी बहुधा झाडाच्या पूर्व अंगाला असतात, कारण पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून होतो. त्याचा फायदा आपल्याला असा की सकाळचे ऊन नेमके घरट्यांच्या दर्शनी बाजूवर पडते. झाडाच्या पूर्वेला, ऊन पाठीशी घेऊन बसा.

कोणत्या आठवड्यात जायचे ते घरट्याच्या आकारावरून ठरते. नर आधी लोंबती दोरी, मग कडे आणि मग टोपीसारखे अर्धे घरटे विणतो. अर्ध्या घरट्यापर्यंत यायला साधारण ८ दिवस लागतात आणि पूर्ण व्हायला एकूण १८ च्या आसपास. खरी धांदल अर्ध्या घरट्याच्या वेळी असते: माद्या पाहणीला येतात, मादी दिसली की सगळे नर उलटे लटकून पंख फडफडवतात, शेजारच्या घरट्याचे धागे चोरतात, भांडतात. मादीने घर पसंत केले की नर खालची नळी पुरी करतो आणि दुसरे घरटे सुरू करतो. नळ्या लांब झालेल्या असतील तर तुम्ही उशिरा आला आहात. त्याच झाडावर अजून अर्धी असलेली घरटी शोधा.

पातीचा धागा घेऊन येणारा नर टिपायचा असेल तर तो कोणत्या पिकातून येतो ते अर्धा तास नुसते पाहा. ऊस, भात किंवा नारळ यांपैकी एका बाजूने तो पुन्हा पुन्हा, त्याच वाटेने येतो. घरट्यावर फोकस पक्का करून, १/२५०० सेकंद शटर ठेवून, तो फ्रेममध्ये यायच्या थोडे आधी बर्स्ट (एकापाठोपाठ झटपट फोटो) सुरू करा. फडफडणारे पंख थोडे पुसट हवे असतील तर १/२५० वर उतरा. डोके स्थिर आणि पंख हललेले, असा फोटो सुगरणीचा स्वभाव जास्त दाखवतो. अंतराचे गणितही लक्षात असू द्या. ६०० मिलिमीटर, एफ ६.३ (अपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप) आणि ८ मीटर अंतर असेल तर क्रॉप सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ४ सेंटिमीटर असते. नर आणि मादी दोघेही स्पष्ट हवे असतील तर ते एका पातळीत येईपर्यंत थांबावे लागते किंवा अंतर वाढवावे लागते. २० मीटरवरून तीच खोली सुमारे २५ सेंटिमीटर होते. अपर्चर बारीक करून मिळणारा फायदा त्यापुढे किरकोळ आहे आणि पावसाळी उजेडात तो परवडतही नाही.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात पहिल्या पावसाबरोबर नवरंग आणि तिबोटी खंड्या विणीला लागतात. तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बोगदा खणतो. त्याचा रंग पाहून सगळेच वेडे होतात, आणि त्याच भरात घरटी मोडतात. म्हणून इथे जरा थांबून सांगायला हवे.

खंड्याच्या चोचीतली शिकार कोणत्या बाजूला तोंड करून आहे ते पाहा. बेडूक किंवा सरड्याचे डोके खंड्याच्या घशाकडे असेल तर तो ती स्वतः गिळणार आहे. डोके बाहेर, चोचीच्या टोकाकडे असेल तर ती जोडीदारासाठी किंवा पिल्लासाठी आहे, म्हणजे घरटे जवळ आहे. घास घेऊन तो थेट बोगद्यात जात नाही. आधी ठरलेल्या फांदीवर बसतो, डोके वरखाली करतो, शेपूट झटकतो, आणि खात्री पटली की आत शिरतो. फोटो त्या फांदीवरचा घ्यायचा, बोगद्याच्या तोंडाचा नाही. घास चोचीत धरून तो दोन-तीन मिनिटे बसूनच राहिला, फांद्या बदलू लागला किंवा एकसारखा ओरडू लागला, तर तुम्ही जवळ आहात. तेव्हा थांबून ‘सवय होईल’ असे म्हणायचे नसते, लगेच मागे सरायचे असते. पावसाळी जंगलात पिल्लांचा एक घास चुकणेही महाग पडते. वाटेत येणारी फांदी तोडू नका. ती फांदीच घरट्याला सापापासून आणि कावळ्यापासून लपवत असते. दरडीसमोर फ्लॅश आणि मोबाइलवरचा रेकॉर्ड केलेला आवाज दोन्ही नकोत. आवाज ऐकून नर घास टाकून प्रतिस्पर्ध्याला शोधत सुटतो.

कायदाही इथे स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हे ‘शिकारी’च्या व्याख्येतच येते. अभयारण्यात फोटोग्राफीसाठी शिरायलाही परवानगी लागते. २०११ मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याकडून ती आधी घ्यावी, आणि ड्रोनचा विचारही करू नये. खरे तर सुरुवातीला आत जायची गरजच नसते. जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नागरगाळीकडच्या गावांच्या शिवारांत, ओढ्यांवरच्या पुलांवर आणि मालकीच्या बागांत पुष्कळ मिळते. मालकाला विचारून बसा.

झाडीखाली पावसात उजेड फार कमी असतो. बसलेल्या खंड्यासाठी १/२५० ते १/४००, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० हे धरूनच चला. फोटो दाणेदार होईल या भीतीने अंधारा काढून नंतर उजळवला की दाणे जास्तच दिसतात. योग्य उजेडाचा ६४०० चांगला.

दमट हवा

गाडीत एसी लावून जांबोटी गाठली आणि लगेच कॅमेरा बाहेर काढला की काचेवर, कधी लेन्सच्या आतल्या काचेवरही, वाफ धरते. शेवटचे १५-२० मिनिटे एसी बंद ठेवा आणि बॅग बंद ठेवूनच तिला बाहेरच्या हवेत येऊ द्या. हिवाळ्यात उलटा प्रकार होतो. उबदार गाडीतून थंड पहाटेत आलेल्या लेन्सच्या पुढच्या नळीत, म्हणजे हूडमध्ये, गरम हवा हलत राहते आणि फोकस बरोबर असूनही फोटो किंचित वितळल्यासारखा येतो. अनेकजण लेन्सला दोष देतात. थोडा वेळ हूड काढून लेन्स थंड होऊ दिली की दोष जातो.

घरी आल्यावर पट्टा, हूड, बीनबॅग (लेन्स टेकवायची भरलेली पिशवी) सगळे पंख्याखाली वाळवा. ओली बॅग कपाटात गेली की बुरशी ठरलेलीच. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असे पाहा. अगदी कोरडेही चांगले नाही, आतले वंगण आणि रबर बिघडते. बीनबॅग जुन्या जीन्सच्या कापडाची शिंप्याकडून शिवून घ्यावी, दोन-अडीच किलो भराव्याची. तांदूळ भरले तर पावसाळ्यात ओल धरून कुजतात. त्या दिवसांत प्लास्टिकचे दाणे भरावेत किंवा धान्य जाड पिशवीत बांधून आत घालावे. जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे घाला आणि ओल्या पाचोळ्यावर गुडघे टेकून बसू नका.

सुगी आणि थंडी

भात पिवळे पडले की मुनियांचे थवे कणसांवर उतरतात, आणि कापणीनंतर उघड्या पडलेल्या उंदरांवर कापशी घार घिरट्या घालते. ती हवेत एका जागी पंख मारत थांबते, मग टप्प्याटप्प्याने खाली येते. तिसऱ्या-चौथ्या थांब्यावर पाय खाली सोडले की झेप येणार. इथे १/२००० हवे. मसूर-वाटाण्याच्या शिवारात खाटीक, धोबी, वेडे राघू असतात. राघू तारेवरून उडतो, माशी धरून पुन्हा त्याच जागी येतो आणि ती तारेवर आपटतो, मधमाशी असेल तर तिची नांगी काढण्यासाठी घासतोही. तारेवरच्या त्या जागेवर फोकस ठेवा आणि उड्डाणाच्या मागे धावू नका.

चिक्कोडी, गोकाक, अथणीकडे ऊसतोड सुरू झाली की फडाच्या कडेला बगळे, कोतवाल, घारी जमतात. शेवटचा पट्टा तोडताना सगळे किडे-उंदीर तिथेच कोंडलेले असतात, म्हणून फड संपायच्या वेळी पोचा. तोडकऱ्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या वाटेत उभे राहू नका, आणि मुकादमाला सांगून बसा.

पाण्यासाठी धुपदाळचे घटप्रभा पक्षी अभयारण्य, हिडकल जलाशय, सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ आणि जवळच पाहिजे असेल तर राकसकोप. पाणी भरलेले असताना पक्षी विखुरलेले आणि लांब असतात. पातळी उतरून चिखलाची काठ उघडी पडली की तुतवार, शेकाटे आणि करकोचे काठाला येतात, म्हणून जानेवारीअखेर ते मार्च अधिक फळतो. काठावर पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर या. पोटावर आडवे झाल्याने मागचे पाणी धूसर आणि एकसंध होते. उभ्याने घेतलेल्या फोटोत मागे चिखलच येतो. चालत पाण्याकडे गेलात तर थवा उठणारच. उजाडण्याआधी जागेवर बसा, पक्षी तुमच्याकडे सरकू द्या, आणि ऊन चढल्यावर सगळे लांब असताना उठा.

ऊन तापले की पाण्यावरून आणि माळावरून हवा तरळायला लागते. तेव्हा ५० मीटरवरचा पक्षी कोणत्याही लेन्सने स्पष्ट येत नाही. शटर वाढवून, फोकस बदलून काही होत नाही. अंतर कमी होत नसेल तर त्या दिवसाचे काम थांबवावे.

उन्हाळा: फुले, फळे, माळ

फेब्रुवारीत काटेसावर, मग पळस आणि पांगारा. पानगळ झालेल्या झाडावर लाल फूल आणि उघडी फांदी, त्यामुळे पार्श्वभूमी आपोआप स्वच्छ मिळते. मैना, भोरड्या, हरेवा, शिंजीर, बुलबुल, कोतवाल सकाळी लवकर येतात, कारण तेव्हा मध भरलेला असतो. झाडाखालून वर पाहत फोटो घेतले की पांढरे आभाळ आणि पक्ष्याचे पोटच येते. बांध, टेकाड किंवा विहिरीचा काठ अशी जागा शोधा, जिथून फुले डोळ्यांच्या रेषेत येतील.

धनेशासाठी घरटे शोधू नका, पिकलेला उंबर किंवा वड शोधा. ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते आणि तिचे व पिल्लांचे सगळे अन्न एकटा नर आणतो. तो घाबरून परतला तर आतल्यांची उपासमार होते. फळझाडावर मात्र तो उघड्यावर येतो, चोचीच्या टोकात फळ धरून ते मागे उडवून गिळतो. फळ हवेत असतानाचा क्षण मिळवायला १/१६०० आणि डोळ्यावर फोकस पुरतो.

अथणी, रायबाग, सौंदत्तीकडच्या माळावर गाडी हीच लपण्याची जागा. दार न उघडता, काचेवर बीनबॅग ठेवून, इंजिन बंद करून. इंजिनाची थरथर फोटोत उतरते. पखुर्ड्या सूर्य वर आल्यावर पाण्यावर येतात, आधी लांब उतरून चालत जातात. पाण्याच्या कडेला नव्हे, त्या वाटेच्या बाजूला थांबा. डोंबारी चंडोल सरळ वर चढून पुन्हा पुन्हा सूर मारतो. त्याच्या बसण्याच्या दगडाकडे लक्ष ठेवले की खाली येतानाचा फोटो मिळतो.

या दिवसांत टिटवी आणि नदी सुरय जमिनीवर उघडी अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल किंवा पंख मोडल्यासारखी सरपटत असेल तर अंडी किंवा पिल्ले पायाजवळच आहेत. तिथेच थांबा, पायांकडे पाहा, आलेल्या पावलांवरूनच परत फिरा. एप्रिल-मेच्या उन्हात आई दहा मिनिटे दूर राहिली तरी अंडी तापतात. टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंडी गार करते. हे टिपण्यासारखे वागणे आहे, पण ते गाडीतून, लांबून आणि ती शांत असेल तरच.

लेन्स बदलावी का?

नाही, सध्या नको. १५०-६०० ला या सगळ्यासाठी पुरेसा पल्ला आहे. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ ऑटोवर, फोकस सतत चालणारा आणि तो अंगठ्याच्या बटणावर घ्या. फोकस शटरच्या बटणापासून सुटा केला की फांदीवर आधी पक्का करून ठेवता येतो. झाडीत एकच बिंदू, मोकळ्या आभाळात रुंद क्षेत्र. हातात धरून १/२००० च्या वर जाताना लेन्समधली स्थिरता (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करून तुलना करून पाहा. काही लेन्सवर फरक पडतो. पैसे खर्चायचेच असतील तर आधी बीनबॅग, कोरडा डबा आणि चांगली दुर्बीण, ८ पट ४२ ची. दुर्बिणीतून अर्धा तास पाहिल्यावर फांदी कोणती, वाट कोणती हे कळते. एक वही ठेवा: तारीख, जागा, वाऱ्याची दिशा, झाडाची किंवा पिकाची अवस्था, पक्षी काय करत होता. पुढच्या वर्षी त्याच शिवारात कोणत्या आठवड्यात जायचे ते त्या वहीवरून ठरवा, आणि सुरुवात घरापासून सर्वांत जवळच्या सुगरणीच्या झाडापासून करा.